कन्व्हर्ट केलं की झालं!

‘त्यात काय, कन्व्हर्ट केलं की झालं!’ असं म्हणणाऱ्याला पुढची दोनशे पानं स्वतः वाचायची शिक्षा द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअरची मॅन्युअलं वेबवर चढण्याआधी तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे हे सुभाषित मी दर सोमवारी ऐकतो.

कन्व्हर्टरशी माझं वैर नाही हो! २००६ साली जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने ‘पॅनडॉक’ केलं, तेव्हापासून ते इमानेइतबारे या जातीची फाईल त्या जातीत घालतंय. पण कन्व्हर्टर म्हणजे शेवटी धोबी. बारा कपडे दिले, बारा परत आले. बटणं आहेत का, ते घरच्यांनीच बघायचं. आणि आमच्याकडे घरचे म्हणतात, ‘एरर शून्य आहे ना? मग चढवा!’

काय काय बटणं तुटतात म्हणून सांगू? आज्ञेतल्या दोन आखूड रेघांची एक लांब, देखणी रेघ होते. सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात. दिसायला झकास, पण कॉपी करून चालवायला जा, संगणक ओळखसुद्धा दाखवत नाही. ‘इथे फाईलचं नाव लिहा’ हे सांगायला लेखक रोमन अक्षरांत एक शब्द कोनी कंसात घालतो. तो तसाच एचटीएमएलमध्ये गेला, की ब्राउझरला वाटतं, हा कुठला तरी टॅग. आणि अनोळखी टॅग तो निमूटपणे गिळतो. ‘याची कॉपी त्यावर करा’मधले ‘हा’ आणि ‘तो’ दोघेही बेपत्ता. उरतं नुसतं ‘कॉपी करा’! लिंका तपासणारं यंत्र तरी काय, पान उघडतंय एवढंच सांगणार. ते भलतंच पान आहे, हे त्याला कोण सांगणार?

मला राग येतो तो याचा नाही. राग येतो तो रात्री एक वाजता ती आज्ञा पाचव्यांदा चालवणाऱ्या नवख्या पोरीसाठी. तिला वाटतं, आपल्यालाच अक्कल नाही. चूक पानाची असू शकते, हे तिच्या मनातही येत नाही. छापील शब्दावर आपल्याकडे फार विश्वास.

१९७१ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं, तेव्हा त्यात ‘बग्ज’ असं कलमच होतं. आपले दोष आपणच छापायचे! स्थळाच्या माहितीत ‘मुलगा आळशी आहे’ लिहिण्याइतकं हे धाडस.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तयार पान एका जिवंत माणसाने वाचावं, आणि त्यातली प्रत्येक आज्ञा पानावरूनच उचलून चालवून बघावी. तेवढा वेळ नसेल, तर ‘बग्ज’खाली प्रामाणिकपणे एकच ओळ छापा : ‘हे पान आम्ही कुणीही वाचलेलं नाही.’