बंदी धुरावर घाला, डिझेलवर नको



मुंबई आणि आसपासच्या शहरांची हवा बिघडली आहे आणि ती सुधारलीच पाहिजे, याबद्दल आमचे कोणाशीही दुमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत सरकारला एक समिती नेमायला सांगितले. पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तिने तपासायचे होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली आणि महानगर प्रदेशात फक्त सीएनजीच्या आणि विजेच्या गाड्या ठेवता येतील का, हा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. तेव्हापासून डिझेल गाडी म्हणजे प्रदूषण, असे समीकरण सगळीकडे मांडले जात आहे. ते चुकीचे आहे, असे आमचे ठाम म्हणणे आहे. धुराच्या नळीतून काय बाहेर पडते आणि गाडी कशासाठी वापरली जाते, या दोन कसोट्यांवर गाडीचा निवाडा व्हावा. टाकीत कोणते इंधन आहे आणि नोंदणी कोणत्या वर्षाची आहे, एवढ्यावरून तो होऊ नये.

डिझेल इंजिन आजवर टिकले ते त्याच्या कामामुळे. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. या जास्त दाबामुळे इंधनातल्या उष्णतेचा मोठा वाटा चाकांपर्यंत पोचतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणूनच ज्या मध्यम गाडीला पेट्रोलवर १५ किलोमीटरचे ॲव्हरेज मिळते, तिला डिझेलवर २० च्या आसपास मिळते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि डिझेल जळले की सुमारे २.७ किलो. हिशेब केला तर पेट्रोल गाडी किलोमीटरला १५० ग्रॅमच्या थोडे वर जाते आणि डिझेल गाडी १३५ ग्रॅमवर थांबते. पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या वायूच्या बाबतीत डिझेल गाडी पेट्रोल गाडीपेक्षा उजवी आहे. आपला देश कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग बाहेरून आणतो. तेव्हा तेच अंतर कमी लिटरमध्ये कापणारे इंजिन ही देशाचीही बचत आहे.

खरा फरक दिसतो तो घाटात आणि ओझ्याखाली. कमी फेऱ्यांवरही डिझेल इंजिनाची ओढ भक्कम असते. कशेडी, आंबा किंवा वरंध घाट सात माणसे आणि टपावर सामान घेऊन चढायचा असेल, तर हे इंजिन धापा टाकत नाही. महाराष्ट्राच्या नकाशाकडे पाहिले म्हणजे या गुणाची किंमत कळते. गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षे रेल्वेचे स्टेशन होते ते एकटे वडशाचे. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. बीड शहराला रेल्वे मिळायला सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. अशा भागात वडाप, काळी-पिवळी, रुग्णवाहिका आणि बाजार समितीकडे माल नेणारी पिकअप या सगळ्या गाड्या प्रामुख्याने डिझेलवर धावल्या आहेत. रत्नागिरीच्या किंवा जालन्याच्या खेड्यातून परळच्या टाटा रुग्णालयात माणूस आणायचा असतो, तेव्हा ती गाडी थेट महानगर प्रदेशात येते. उद्या वेशीवरच तिला अडवले, तर त्या बंदीची झळ रुग्णाला बसेल.

यावर पहिला आक्षेप असा, की मग एसटीने या, रेल्वेने या. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि तो मान्य केल्यावरही डिझेलचीच बाजू बळकट होते. एसटीची बस लिटरला साडेचार-पाच किलोमीटर धावते. तिच्यात ४० प्रवासी असतील, तर एका लिटरमध्ये १८० ते २०० माणसे एक-एक किलोमीटर पुढे जातात. १८ चे ॲव्हरेज देणाऱ्या मोटारीत पाच जण असतील तर हा आकडा ९० होतो आणि एकटाच माणूस असेल तर १८. याचा अर्थ स्पष्ट आहे. भरलेली बस पहिली, भरलेली गाडी दुसरी आणि एकट्याची गाडी सर्वांत शेवटी. पण ती बसही आज बहुतांशी डिझेलवरच चालते. महामंडळाच्या गाड्या करोनापूर्वी १८ हजारांच्या आसपास होत्या, त्या आता बऱ्याच घटल्या आहेत. भाड्याने घ्यायच्या ५,१५० विजेच्या बसगाड्यांचा करार झाला, पण त्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत. गावची मुक्कामी गाडी बंद करायची, रात्री-अपरात्री दुसरी सोय ठेवायची नाही आणि वर घरची गाडीही काढून घ्यायची, हे लोकांवर अन्यायाचे आहे. एसटी वाढवा. ती जसजशी वाढेल तसतशा खासगी गाड्या आपोआप कमी होतील.

दुसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डिझेलच्या धुरातली काजळी फुप्फुसात खोलवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला. तो निष्कर्ष खरा आहे. मात्र तो मुख्यतः जुन्या इंजिनांच्या धुराच्या संपर्कात राहिलेल्या कामगारांच्या अभ्यासावर उभा आहे आणि त्यानंतर इंजिन बदलले आहे. भारत स्टेज (बीएस) या धूरमानकांपैकी बीएस-३ च्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम काजळीची मुभा होती. बीएस-४ मध्ये ती २५ वर आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती साडेचार मिलिग्रॅम झाली, म्हणजे बीएस-३ च्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ५०० मिलिग्रॅमवरून २५० आणि मग ८० वर उतरली. पेट्रोलसाठी ती ६० आहे. डिझेलमधले गंधकही दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. नळीतल्या गाळणीत काजळी अडते आणि इंजिन तापल्यावर तिथेच जळून जाते. अनेक गाड्यांत युरियाचे द्रावण फवारून ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजनात रूपांतर केले जाते. काळा धूर ओकणारा वीस वर्षांपूर्वीचा टेम्पो आणि आजची बीएस-६ मोटार यांना एकाच नियमात कोंबणे म्हणजे हा सगळा बदल नाकारणे होय.

कंपन्यांच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले, की फोक्सवॅगनने चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी प्रणाली जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत बसवली होती. ती ग्राहकांची आणि समाजाची उघड फसवणूक होती. पण ती पकडली गेली कशी? गाडी रस्त्यावर चालवून धूर मोजला तेव्हा! आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची मर्यादा पाळणे बंधनकारक झाले आहे. त्या प्रकरणाने शिकवलेला धडा मोजमाप कडक करण्याचा आहे, आणि आम्हीही तेच मागत आहोत.

वयावर घातलेली बंदी कशी फसते, हे दिल्लीने दाखवून दिले आहे. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असा नियम अमलात आला, आणि लोकांच्या संतापामुळे सरकारला काही दिवसांतच तो थांबवावा लागला. त्यानंतर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून गाडीमालकांवर कारवाई करू नये असे सांगितले, आणि वर्षअखेरीस हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. म्हणजे एका दशकाच्या अनुभवानंतर कसोटी वयाकडून मानकाकडे सरकली. इतकी वर्षे मात्र चाळीस हजार किलोमीटर चाललेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी आणि चार लाख किलोमीटर रगडलेली गाडी कायद्याने एकाच मापाने मोजली. ती चूक महाराष्ट्राने नव्याने करण्याचे काही कारण नाही.

विजेच्या गाडीला आमचा विरोध नाही. शहरात रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्यासाठी, रिक्षासाठी आणि बेस्टच्या बससाठी तीच योग्य आहे. पण ‘शून्य प्रदूषण’ हा शब्द तपासून घेतला पाहिजे. देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते आणि एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मध्यम गाडीला १०० किलोमीटरला १५-१६ युनिट लागतात असे धरले, तर किलोमीटरला सुमारे ११० ग्रॅम होतात. तारांतली आणि चार्जिंगमधली गळती त्यावर वेगळी. डिझेलपेक्षा हे कमी आहे, पण शून्य नक्कीच नाही. हा धूर निघतो तो २,९२० मेगावॉटच्या चंद्रपूर वीज केंद्रातून, कोराडीतून, खापरखेड्यातून. मुंबईच्या रस्त्यावरचा धूर विदर्भाच्या माथ्यावर नेऊन ठेवायचा आणि त्याच विदर्भातल्या माणसाच्या गाडीला मुंबईत मज्जाव करायचा, हा न्याय नव्हे. सीएनजी स्वच्छ जळते, पण टाकीने डिकी भरते, चढावर ओढ कमी पडते आणि ग्रामीण भागात पंप विरळ आहेत. शहरातसुद्धा पंपावरच्या रांगा सर्वांनी पाहिल्या आहेत.

आता डिझेल गाडी कोणी घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. २०२५ मधल्या मुंबईतल्या भावांनुसार, पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरले, तर वरच्या ॲव्हरेजने किलोमीटरला साधारण सव्वादोन-अडीच रुपये वाचतात. वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे साठ हजार रुपये वाचतील आणि गाडीची जास्तीची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल होईल. वर्षाला पाच हजारच किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी दहा-पंधरा वर्षे लागतील. शिवाय गाळणीतली काजळी जळायला मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव लागते. फक्त दादर ते अंधेरी अशी रोजची कोंडी काढणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते. अशा माणसाने डिझेलच्या वाटेला जाऊ नये. डिझेल गाडी लांबच्या पल्ल्याची, ओझ्याची आणि पुष्कळ माणसांची आहे. धोरण आखताना हा फरक करायला हवा. आज मात्र नोंदणीच्या वेळी खासगी डिझेल मोटारीला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त कर सर्वांनाच सारखा पडतो, मग ती वर्षातून चारदा निघो वा रोज नऊ माणसे नेवो.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. पहिली मागणी पीयूसीबद्दल. आजच्या तपासणीत डिझेल गाडीची रेस वाढवून धुराची दाटी पाहिली जाते. बीएस-६ गाडीची गाळणी काढून टाकली आहे किंवा फुटली आहे, हे त्यातून खात्रीने कळत नाही. बेल्जियमने २०२२ मध्ये, तर नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये नियमित तपासणीत काजळीचे कण थेट मोजायला सुरुवात केली. तेच यंत्र इथल्या प्रत्येक केंद्रावर यावे. दुसरी मागणी अशी, की जी गाडी मोजणीत नापास होईल तिला दुरुस्तीची मुदत द्यावी आणि तरीही सुधारली नाही तर तिचे वय न पाहता ती रस्त्यावरून काढावी. जी पास होईल तिला वयाच्या नावाखाली हात लावू नये. तिसरी, बीएस-३ आणि त्याआधीच्या व्यावसायिक गाड्या बदलण्यासाठी मालकाला खरोखर परवडेल असे साहाय्य मिळावे, कारण सर्वांत जास्त काजळी त्याच ओकतात. चौथी, एसटीचा ताफा करोनापूर्व संख्येवर आणावा. आणि पाचवी, रस्त्यावरची धूळ, उघडी बांधकामे आणि कचरा जाळणे यांवरही तितक्याच कडकपणे कारवाई व्हावी. उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ च्या त्याच आदेशात लाकूड-कोळशावरच्या बेकरी भट्ट्यांनाही स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले आहे. हवा एकट्या मोटारींनी बिघडलेली नाही, हे न्यायालयानेही ओळखले आहे.

वाचकहो, हे पत्रक वाचून ठेवून देऊ नका. ग्रामसभेत आणि सोसायटीच्या बैठकीत ते मांडा, आपल्या आमदाराला या पाच मागण्या लेखी द्या आणि आपली स्वतःची गाडी आधी तपासून घ्या. जी गाडी काळा धूर सोडते तिची बाजू आम्ही घेणार नाही, ती कोणाचीही असो. पण जी गाडी मोजणीत स्वच्छ ठरते आणि रेल्वे-एसटी पोचत नाही तिथून माणसे नेते-आणते, तिला मुंबईत येण्याचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडणार नाही.

आपले नम्र,
ग्रामीण आणि शहरी प्रवासी व वाहनधारक नागरिक