रोज्याला सवलत, नात्याला नाही

मांडवीच्या समुद्रात सूर्य बुडतो, अजान होते आणि खजूर हाती घेतलेल्या आईची नजर मोबाईलकडे जाते. मुलगा कुवेतला. तिथले घड्याळ अडीच तास मागे. तो अजून कामावर, रोज्यातच. त्याचा रोजा सुटतो तेव्हा इथे तरावीहची वेळ झालेली असते.

सत्तरच्या दशकापासून कोकणची माणसे मोठ्या संख्येने आखातात जात आहेत. तेव्हा पत्राला कित्येक दिवस लागत. कुणी कॅसेटवर आवाज भरून गावी निघालेल्याच्या हाती देई. त्यात घरच्या एकेकाचे नाव घेऊन विचारपूस असे. आज फोन खिशात आहे, पण पाठवले जाते ते चंद्रकोरीचे तयार चित्र, एकाच वेळी शंभर जणांना.

प्रवासात असलेल्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनने दिली आहे. सिलारहमीला, म्हणजे नाती जोडून ठेवण्याला, तशी सवलत नाही. गणपतीत चाकरमान्याची वाट पाहणाऱ्या शेजारच्या घराला हे वेगळे सांगायला नको.

कुवेतमध्ये मुलगा सहरीला उठतो तेव्हा इथे उजाडत असते. फज्र पढून आई जागीच असते. तेव्हा दोन मिनिटे बोलावे. चित्र उद्या पाठवले तरी चालेल.