दात दुखेपर्यंत थांबण्याची किंमत

आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे हृदयविकार, रक्तदाब आणि मधुमेह यांची चर्चा होते. दातांची सहसा होत नाही. दात दुखू लागला की लवंग धरावी, दुखणे वाढले तर औषधाच्या दुकानातून गोळी आणावी आणि तेवढ्यानेही भागेनासे झाले की दात काढून मोकळे व्हावे, हा बहुसंख्य कुटुंबांचा शिरस्ता आहे. वरवर पाहता तो काटकसरीचा वाटतो. वस्तुतः मध्यमवर्गीय आणि श्रमजीवी कुटुंबांच्या अंदाजपत्रकात याइतकी महाग पडणारी काटकसर क्वचितच आढळेल.

याचे कारण दातांच्या रोगाच्या स्वरूपातच आहे. आपण खाल्लेल्या साखरेवर तोंडातील जंतू जगतात आणि त्यातून आम्ल निर्माण करतात. हे आम्ल दाताचे कठीण आवरण हळूहळू विरघळवते. या आवरणाला संवेदना नसते. त्यामुळे कीड महिनोन्‌महिने पुढे सरकत असताना माणसाला काहीच जाणवत नाही. ती दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत पोहोचते तेव्हाच ठणका सुरू होतो. हिरड्यांचा विकार तर त्याहूनही मूक असतो. घासताना थोडे रक्त येते, आपण दुर्लक्ष करतो आणि काही वर्षांनी दात हलू लागतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर वेदना हा येथे धोक्याचा इशारा नसून उशिरा हाती पडलेले बिल असते.

या बिलाचा आकडा पाहण्यासारखा आहे. पाच माणसांच्या घरात साधे ब्रश आणि साधी फ्लोराइडयुक्त पेस्ट यांवर काटकसरीने वर्षाला सुमारे दोन हजार रुपये खर्च येतो. सप्टेंबर २०२५ पासून पेस्ट, ब्रश आणि दंतमंजन यांवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आल्याने तो थोडा हलकाही झाला आहे. उलट किडलेल्या एकाच दाढेची नस काढून, मूळ भरून, वर टोपी बसवायची म्हटले तर खासगी दवाखान्यात खर्च पाच-दहा हजारांच्या घरात सहज जातो. शिवाय दात भरणे, साफ करणे यांसारखे नित्याचे उपचार बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाहीत. हा सारा भार कुटुंबाच्या खिशावरच पडतो.

आता करमाडसारख्या गावाचा विचार करावा. जालना रस्त्यावरचे हे गाव शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे ते काही दुर्गम नाही. शहरात घाटीच्या परिसरात १९८२ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि तेथे उपचार अल्प दरात होतात. तरीही येथील शेतमजूर स्त्रीला तेथे जाण्याचा खरा खर्च केसपेपरच्या शुल्काएवढा नसतो. जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला दिवसाचा रोज आणि सोबत येणाऱ्याचाही रोज, हे सारे त्यात धरावे लागते. मुळाचा उपचार एका खेपेत संपेलच असे नाही. दोन-तीन खेपा म्हणजे दोन-तीन रोज बुडाले. दात काढण्याला मात्र एकच खेप लागते. त्यामुळे वाचवता येण्याजोगी दाढ काढण्याचा निर्णय ती घेते. तो अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. तिच्या परिस्थितीत तो हिशेबाचाच असतो. दोष त्या हिशेबातील अटींचा आहे.

देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी हजारो पदवीधर त्यांतून बाहेर पडतात. शहरातील एकेका रस्त्यावर चार-चार दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात. खेड्यात मात्र एकही नसते. पुरवठा विपुल आणि सेवा दुर्मिळ, ही विसंगती बाजारपेठ आपोआप दूर करील असे मानण्यास आधार नाही. कारण ज्या रोगात मागणीच वेदनेनंतर निर्माण होते, तेथे प्रतिबंधाला गिऱ्हाईक नसते.

मराठवाड्यात आणि एकूणच महाराष्ट्रात या प्रश्नाला मिश्रीचे आणखी एक परिमाण आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड करून ती दातांना आणि हिरड्यांना लावण्याची सवय खेड्यापाड्यांतील स्त्रियांत जुनी आहे. बहुधा दात घासण्याचे साधन म्हणून ती सुरू होते आणि पुढे निकोटिनचे व्यसन होऊन दिवसातून चार-पाच वेळा लागते. भूक दबते, कामाचा शीण विसरतो, हेही तिचे कारण आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. विडी-सिगारेट ओढणारे चार टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे आपला तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडाचाच प्रश्न आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या पुडीपर्यंत कोणताही कायदा पोहोचत नाही. तेथे पोहोचू शकते ती फक्त ओळखीची, विश्वासाची व्यक्ती.

अशी व्यक्ती काय करू शकते, याचा पुरावा उपलब्ध आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे केवळ उजेडात डोळ्यांनी तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू या तपासणीमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. यासाठी यंत्र लागले नाही. लागला तो उजेड, प्रशिक्षण आणि नियमितपणा. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे ही लक्षणे आपल्या आशा कार्यकर्तीला ओळखता येणार नाहीत, असे कोण म्हणेल?

मुलांच्या बाबतीत एक साधे अज्ञान फार महाग पडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आईवडील तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी पडून दुसरी येईल अशा भरवशावर राहतात. ती कायमची असते. गेली की पुन्हा येत नाही. पहिल्या इयत्तेत शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एवढी एकच गोष्ट ठाऊक असली आणि त्याने पालकसभेत ती सांगितली, तरी अनेक मुलांची दाढ वाचेल.

घरात पाळण्याचे नियमही थोडके आहेत. सकाळी घासणे आपण सोडत नाही. परंतु अधिक महत्त्वाचे आहे ते रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षण घटते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू नये यावर मात्र लक्ष हवे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांप्रमाणे जेथे विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे पाणी तपासून घेणे अगत्याचे. राख, कोळसा किंवा विटेची पूड दात स्वच्छ करीत नाही, झिजवते. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली हे दातांच्या दृष्टीने अधिक निर्णायक असते. कार्यालयात दर दोन तासांनी होणाऱ्या गोड चहाचा विचार या अंगाने करावा. दात साफ करून घेतल्याने ते सैल होतात आणि वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते, या दोन्ही समजुती निराधार आहेत. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. रक्तातील साखर आणि हिरड्यांचा विकार परस्परांना बिघडवतात.

वृद्धांची स्थिती तर उपेक्षेचीच आहे. दात गेलेल्या आजीला ज्वारीची भाकरी चावत नाही, कच्चा कांदा-काकडी चालत नाही. मग तिचे जेवण चहात बुडवलेल्या बिस्किटांवर आणि मऊ भातावर येते. आहार निकृष्ट होतो आणि घरातले म्हणतात, वय झाले, जेवण कमी झाले. वास्तविक दात गेले, म्हणून जेवण गेले.

तेव्हा करायचे काय? राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून अस्तित्वात आहे, शालेय आरोग्य तपासणीत दातांचा समावेश आहे, आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीत मौखिक आरोग्यही आहे. म्हणजे कागदावर उणीव नाही. उणीव आहे ती ठरलेल्या वाराची. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातील एक दिवस, शक्यतो बाजाराचा, दंतवैद्यासाठी राखून ठेवावा. गावातील लोक त्या दिवशी कामधंदा सोडून आलेलेच असतात. त्यांचा वेगळा रोज बुडणार नाही. दंत महाविद्यालयांनी आपल्या प्रशिक्षणार्थींना या वाराशी बांधून द्यावे. अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत दुपारच्या खाण्यानंतर मुलांनी शिक्षकांच्या समक्ष दात घासावेत. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून असा उपक्रम चालतो. त्याच्या खर्चाची तपासणी करणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठव्या वर्षी उपचारांवरील बचत उपक्रमाच्या खर्चाच्या अडीच पटींहून अधिक होती, असे त्यात दिसून आले. ज्या शासनाला बचतीची खरोखर आस्था आहे, त्याने हा हिशेब पाहावा.

शिक्षकांवर आणखी एक काम कशाला, असा आक्षेप येईल आणि तो अगदीच गैर नाही. जनगणनेपासून मतदानापर्यंत सारी ओझी त्यांच्याच शिरावर आहेत. परंतु पाच मिनिटांचे हे काम वर्गातच होणारे आहे आणि त्यासाठी कोणताही तक्ता भरायला लावू नये, ही अट शासनावर घालता येईल.

कुटुंबातील खर्चाच्या यादीत आईचे दात नेहमी शेवटी येतात. मुलांची फी, बियाणे, लग्नकार्य, सण हे सारे आटोपल्यावर काही उरले तर तिचा विचार होतो, आणि उरत काहीच नाही. तिच्यासाठी गावातच, तिच्या सोयीच्या दिवशी, दुखण्यापूर्वी कोणीतरी तिचे तोंड पाहिले पाहिजे. दंतारोग्याच्या कोणत्याही योजनेचे यश या एकाच कसोटीवर तपासावे.