घरातले आणखी एक खाणारे तोंड

"परवडत नाही तर कुत्रा पाळायचाच कशाला?" हे वाक्य आपल्या मंडळींत आम्ही बरेचदा ऐकले आहे. बोलणारी माणसे दुष्ट नसतात. बहुतेक जण स्वतः काटकसरीत वाढलेले असतात. वाड्यातल्या किंवा चाळीतल्या दारच्या कुत्र्याला उरलीसुरली पोळी घालणे म्हणजेच कुत्रा पाळणे, असे त्यांनी लहानपणी पाहिलेले असते. पण हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे, असे आम्हाला वाटते. कुत्रा घरी आणला तेव्हा परवडत होता. नोकरी त्यानंतर गेली.

आणि नोकरी जाणे म्हणजे काय, हे प्लेनो-रिचर्डसनच्या भागात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. २००१ साली टेलिकॉम कॉरिडॉरमध्ये काय झाले ते जुन्या मंडळींना आठवत असेल. जानेवारी २००९ मध्ये नॉर्टेलने दिवाळखोरी जाहीर केली. नोव्हेंबर २०२० मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आधी, डॅलसच्या फेअर पार्कमध्ये नॉर्थ टेक्सस फूड बँकेचे अन्न घ्यायला हजारो गाड्यांची रांग लागली. ती साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली, आणि त्या रांगेत तुमच्याआमच्यासारख्यांच्या चांगल्या गाड्याही होत्या. ज्यांची नोकरी एच-१बी वर आहे त्यांना तर नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात नवी नोकरी मिळाली किंवा दुसरी काही सोय झाली तर ठीक, नाहीतर सामान बांधायचे.

अशा घरात माणसांच्या जेवणाची काही ना काही सोय होते. मित्र डबा आणतात, फूड पँट्री असते, पात्र असणाऱ्यांना स्नॅप मिळते (२००८ पर्यंत ज्याला फूड स्टॅम्प म्हणत तेच). पण कुत्र्यामांजरांचे काय? स्नॅपच्या कार्डावर टोमॅटोचे रोप आणि भाजीचे बी घेता येते, कुत्र्याचे खाणे मात्र घेता येत नाही. टेक्ससमध्ये डाळ-तांदळावर सेल्स टॅक्स नाही, कुत्र्याच्या खाण्यावर आहे, आणि प्लेनोत तो ८.२५ टक्के पडतो. म्हणजे सरकारच्या हिशेबात घरचा कुत्रा हा झाडू आणि फिनेलच्या रांगेत बसतो.

याचा परिणाम काय होतो? माणसे आपल्या ताटातले काढून देतात. मील्स ऑन व्हील्सच्या स्वयंसेवकांना हे पूर्वीच दिसले होते. घरपोच दिलेल्या जेवणातले अर्धे म्हातारी माणसे आपल्या मांजराला किंवा कुत्र्याला घालत होती. मग जेवणाच्या डब्याबरोबर प्राण्यांचे खाणेही पोचवायला सुरुवात झाली. आम्हाला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. म्हातारीला उपदेश करण्यापेक्षा मांजराची पिशवी आणून देणे सोपे, आणि त्याने म्हातारीही पोटभर जेवते.

दुसरा परिणाम अधिक वाईट. टंचाई येण्याआधी तिची भीती येते आणि माणसे भीतीपोटी निर्णय घेऊन टाकतात. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा एकट्या लंडनमध्ये पहिल्या काही दिवसांत सुमारे चार लाख कुत्री-मांजरे त्यांच्याच मालकांनी डॉक्टरकडे नेऊन मारून टाकवली. अन्नाचे रेशनिंग तर १९४० च्या जानेवारीत सुरू झाले. आपल्याकडे इतके टोक कोणी गाठत नाही, पण ले-ऑफची बातमी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात "आता आधी याला शेल्टरमध्ये सोडू" असे बोलणे घरात सुरू होते. मुले जिन्यात बसून ते ऐकत असतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा पेच आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात माणसांसाठी खडी फोडण्याची कामे निघाली, सुकडी आली, अमेरिकेतून लाल मिलो आला. जनावरे मात्र मातीमोल भावाने बाजारात गेली. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेने गुरांची छावणी चालवली. तिथे हजारो जनावरे होती, त्यांना चारा-पाणी मिळत होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांची माणसेही छावणीतच मुक्कामाला होती. गोठा रिकामा झाला की घर उठते, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. २०१९ मध्ये पुन्हा छावणी उभी राहिली.

कोणी म्हणेल, बैल आणि गाय कमावतात, लॅब्रॅडॉर काय कमावतो? आम्ही अशा एका घरात काही महिने जाऊन-येऊन होतो. बाबा दिवसभर घरी, आई फोनवर हळू आवाजात बोलते, पोहण्याचा क्लास बंद झालेला. त्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलाशी पूर्वीसारखे वागणारा एकटा कुत्रा होता. संध्याकाळी सहाला तो पट्टा तोंडात धरून उभा राही आणि बाबांना घराबाहेर पडावेच लागे. याची किंमत डॉलरमध्ये मांडता येत नाही म्हणून ती शून्य धरायची, हा हिशेब आम्हा इंजिनियर लोकांना तरी शोभत नाही.

मोठे ऑपरेशन निघाले किंवा ६० दिवसांत देश सोडायची वेळ आली, तर प्राणी एखाद्या चांगल्या घरी देणे हेच कधी कधी योग्य असते. त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये. आमचे म्हणणे एवढेच, की ते कारण खाण्याची पिशवी हे नसावे. एका वाढदिवसाला आपण जेवढा पिझ्झा मागवतो, तेवढ्या पैशात मध्यम आकाराच्या कुत्र्याचा महिना निघतो.

पैसे जपून वापरायचे असतील तर काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. पिशवीवरच्या चित्रातला लांडगा आणि सॅमन पाहू नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'आफ्को'च्या निकषांनुसार हा संपूर्ण व संतुलित आहार आहे असे लिहिले आहे का ते पाहा. ते असेल तर दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचे स्वस्त खाणेही निरोगी प्राण्याला चालते. (वॉलमार्टच्या 'ओल रॉय'ला सॅम वॉल्टनच्या कुत्र्याचे नाव आहे. मुलांना हे आवडेल.) भाव पौंडावर न काढता कॅलरीवर काढा. कॅलरीचा आकडा पिशवीवर छापलेला असतो. नवे खाणे जुन्यात मिसळून आठवडाभरात हळूहळू बदला, नाहीतर पोट बिघडते आणि वाचवलेले पैसे व्हेटला जातात. आणि मोजून घाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर पाहिले गेले. ज्यांना पाव हिस्सा कमी खाणे मिळाले ते जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले. याचा अर्थ उपाशी ठेवा असा नाही. आपण प्रेमाने वाडगा शिगोशीग भरतो, त्याची गरज नसते एवढेच.

घरचे घालायचे तर कुत्र्याला साधा भात, उकडलेले चिकन किंवा अंडे, बिनमिठाचे गाजर अधूनमधून चालते. आपली आमटी-भाजी मात्र नको, कारण कांदा आणि लसूण दोन्ही त्याला घातक आहेत. द्राक्षे आणि बेदाणेही तसेच, म्हणजे प्रसादाचा शिरासुद्धा नाही. चॉकलेट तर नाहीच नाही. मांजराचे प्रकरण वेगळे. तिला मांसातून मिळणारे टॉरिन लागते, ते कमी पडले की डोळे आणि हृदय बिघडते, त्यामुळे नुसत्या दूधभातावर मांजर जगवता येत नाही. आणि "उपाशी राहिली की खाईल आपोआप" हेही तिच्या बाबतीत धोक्याचे आहे. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर तिचे यकृत बिघडू शकते.

मागायची लाज हा शेवटचा अडथळा, आणि आपल्यात तो मोठा आहे. डॅलसला एसपीसीए ऑफ टेक्ससने आणि फोर्ट वर्थला 'डोंट फरगेट टू फीड मी' या संस्थेने गरजूंच्या प्राण्यांसाठी खाण्याची सोय केली आहे. जाण्याआधी वेळ आणि नियम फोनवर विचारून घ्यावेत. स्वतःसाठी हात पसरायला जड जाते, पण मुक्या जनावरासाठी फोन करताना तरी आवाज अडखळू नये. आपल्या आज्या जेवायला बसण्याआधी गाईचा घास बाजूला काढत, श्राद्धाला कावळ्याचे पान आधी वाढत. आधी काढत, उरलेले देत नसत. नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट तर मुलांनी वर्गात ऐकलेलीच आहे.

म्हणून आमची एक सूचना आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधी आपण वर्गात डबाबंद अन्न गोळा करतो. त्या खोक्याशेजारी यंदा दुसरे खोके ठेवावे, कुत्र्यामांजरांच्या खाण्याचे. पिशव्या न फोडलेल्या आणि तारीख न उलटलेल्या असाव्यात. चाळीस पौंडाच्या एका पोत्यापेक्षा चार-पाच पौंडाच्या लहान पिशव्या बऱ्या, त्या मुलांनाही उचलता येतात. मुलांनो, खोक्यावर चित्रे काढायचे काम तुमचे. आपल्यापैकी कोणाला त्यातले काही न्यायचे असेल तर क्लास सुटल्यावर मागच्या दाराने गाडीपर्यंत न्यावे. तिथे कोणी उभे राहणार नाही आणि वहीत नावही लिहिले जाणार नाही. उरेल ते डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही डॅलसला पोचवू.