काळी तीनचं भूत

परवा भाईंदरला दादाकडे गेलो होतो. निमित्त सत्यनारायणाचं, पण वहिनीने फोनवर आधीच सांगितलं होतं, "भावजी, जरा लवकर या, त्याच्याशी बोला." तो म्हणजे माझा पुतण्या. कॉलेज संपलंय, अर्धवेळ नोकरी आहे आणि बेस गिटार वाजवतो. दोन वर्षांत दोन बेस झाले, आता तिसरा घ्यायचाय, सोबत नवा अँप. पैसे त्याचेच, पण पुढच्या कोर्सच्या फीसाठी बाजूला ठेवलेले. कारण विचारलं तर म्हणाला, "काका, मला माझा आवाज सापडत नाहीये."

आता मी पडलो जुना ऑर्केस्ट्रावाला. आठ-नऊ वर्षं गणपती, नवरात्र आणि उत्तनकडची लग्नं वाजवली आहेत, भाईंदर लोकलच्या लगेजच्या डब्यातून बेस नेलाय. त्यामुळे मनात भाषण तयारच होतं: आवाज बोटांत असतो रे बाबा, वाद्यात नसतो. हे वाक्य आमच्या पिढीने इतकं घासलंय की त्याचा पार गुळगुळीत गोटा झालाय. आणि बघा, ते बहुतेक वेळा असा माणूस म्हणतो ज्याच्याकडे चांगलं वाद्य आधीच असतं.

मग त्याने वाजवून दाखवलं. हात चांगला आहे पोराचा. पण दुसऱ्या पडद्यावरची काळी तीन आली की कपाटावरचे डबे थरथरायचे. मोकळी पांढरी सहाही तशीच फुगायची. बाकीचे स्वर त्यांच्यापुढे उपाशी. तो म्हणाला, "बघा ना, अँपच बेकार आहे." पहिला बेसही त्याने याच कारणासाठी विकला होता!

मी खोलीकडे पाहिलं. दहा बाय बारा. अँप अगदी कोपऱ्यात कोंबलेला, शेजारी भिंतीला टेकून पलंग आणि त्यावर हा. डोक्यात उजेड पडला. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये जी कंपनं अडकून मोठी होतात ती साधारण ४७ हर्ट्झची, आणि काळी तीन आहे ४६ ची. दहा फुटांच्या भिंतींची येतात ५६-५७, पांढरी सहा ५५. म्हणजे भूत बेसमध्ये नाही, अँपमध्ये नाही, बिल्डरने पाडलेल्या बेडरूममध्ये आहे. मोकळ्या जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा, त्याची एक लाट सुमारे २७-२८ फूट लांब. ती आपल्या मीरा-भाईंदरच्या वन बीएचकेत कुठे मावायची?

त्याला म्हटलं, "अरे, खोलीच्या मधोमध उभा राहा." मी वाजवलं. भूत जवळजवळ गायब. पुन्हा भिंतीपाशी नेला, पुन्हा हजर. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता :)

यात हसण्यासारखं असलं तरी दुखणारंही आहे. दोन वर्षं तो या फुगवट्याला घाबरून अँपचा बेस कमी करत होता. साहजिकच मित्रांसोबत मोकळ्या हॉलमध्ये वाजवला की आवाज पातळ, पत्र्यासारखा. घरी जाड, बाहेर बारीक. मग यूट्यूबवर कुणीतरी सांगतं अमुक पिकअप घे, तमुक पेडल घे. आपल्याकडचे बहुतेक पोरगे वाद्य बदलतात ते न बदलता येणाऱ्या खोलीच्या रागाने, असं माझं मत झालंय. तालमीच्या खोलीचं भाडं तासावर द्यायला जड जातं, पण त्याच्या कैक पट किमतीचा अँप हप्त्यावर येतो.

पण म्हणून वाद्य-अँप सगळं झूट, असंही नाही हां. जेम्स जेमर्सनचं उदाहरण घ्या. मोटाउनच्या गाण्यांचा तो बेसवाला, १९६२ चा फेंडर प्रिसिजन, त्यावर जाड गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, ज्या तो तुटेपर्यंत बदलत नसे, आणि वाजवायचा उजव्या हाताच्या एका तर्जनीने. क्लबात त्याच्याकडे अँपेगचा अँप असे, पण स्टुडिओत बेसची वायर थेट मिक्सरला. तरीही आवाज ओळखू येतो तो त्याचाच. उलट जाको पास्टोरियस. १९६२ चाच, पण जॅझ बेस, पडदे काढलेले, फळीवर होडीला लावतात तसला इपॉक्सीचा थर, करकरीत राउंडवाउंड तारा आणि अकूस्टिक ३६० हा अँप. त्याच्या आवाजातून तो इपॉक्सी आणि त्या तारा वजा करून बघा, काय उरतं? बोटं उरतात हे खरं, पण तो गाणारा स्वर उरत नाही. दोघांत सारखं एवढंच, की एका वाद्यापाशी ते वर्षानुवर्षं राहिले, इतके की वाद्याची खोड त्यांची खोड झाली.

आपल्याकडे चरणजित सिंगांची गोष्ट मला फार आवडते. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले मुरलेले वादक, पंचमकडेही वाजवलेले. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात रेकॉर्ड केले. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र बनवलं होतं ते बेस वाजवणारा माणूस नसेल तर त्याच्या जागी वापरायला! बेससारखं ते वाजत नसे म्हणून खपलं नाही, १९८४ पर्यंत बंद पडलं. पण बेस वाजवणाऱ्या माणसानेच ते हातात घेतलं आणि त्याला आलाप-तानांच्या वळणावर नेलं. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही, २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले. २०१५ मध्ये ते गेले. यंत्र तेच होतं जे इतरांनी फेकून दिलं.

आमच्या बाबतीत मात्र यंत्र जिंकलं. नव्वदीत ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला, एका माणसाचं पाकीट वाचलं. मी १९९४ मध्ये माझा बेस विकला आणि ते पैसे मीरा रोडच्या जागेच्या डिपॉझिटमध्ये घातले. वाईट वाटलं नाही असं बरीच वर्षं सांगत आलोय. असो.

हे सगळं पुतण्याला सांगितलं (बहुतेक सगळं). त्याने नेमका नको तो प्रश्न विचारला. "काका, तुमचा आवाज कसा होता?"

मला सांगता येईना. जाड होता, गोल होता, मी मानेजवळ छेडायचो त्यामुळे टोकदार कधीच नव्हता.. पण ही झाली वर्णनं. एका गणपतीतली कॅसेट आहे माझ्याकडे. पुढच्या रविवारी ती घेऊन गेलो, त्याने कुठूनसा प्लेअर पैदा केला. गायिका ऐकू येते, ढोलक ऐकू येतो, मंडळाच्या अध्यक्षांचा सत्कार तर फारच स्वच्छ ऐकू येतो. बेस कुठेच नाही. कॅसेट रेकॉर्डर स्टेजच्या कडेला ठेवला होता, खालचे स्वर त्याने घेतलेच नाहीत. एका जागी सगळे थांबतात आणि मी दोन मात्रा एकटा आहे. पुतण्याने तेवढा तुकडा चार वेळा मागे नेऊन ऐकला. मग आपला बेस काढला, पिकअपवरचा हात उचलून मानेजवळ नेला आणि तसं छेडून बघत राहिला. नेमकं तसं नाही आलं, त्याचं काहीतरी वेगळंच आलं. मी काही बोललो नाही.

तिसरा बेस सध्या लांबणीवर आहे, रद्द नाही. फीचे पैसे अजून बँकेत आहेत. अँप कोपऱ्यातून निघून दारापाशी आलाय, आणि स्वयंपाकघरात जाता-येता वहिनीची करंगळी त्याला आपटते, त्यासाठी मला रोज एक फोन येतो.