घसा दुखतोय? आधी गुळण्या करा!

बालमित्रांनो, दिवाळी सरली, कापसाची वेचणी जोरात आली की आमच्या वडीगोद्रीत पहाटेचा गारठा वाढतो. मग वर्गात हजेरी घेताना गंमत होते. निम्मी मुलं ‘हजर’ म्हणतात आणि उरलेली नुसताच हात वर करतात. आवाजच बसलेला!

घसा दुखतो तो बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूंमुळे. त्यांच्यावर प्रतिजैविक गोळ्या चालत नाहीत. साधारण आठवडाभरात आपलं शरीरच त्यांना हुसकावून लावतं. तोवर घशाला आराम द्यायचा, एवढंच आपलं काम.

पहिला उपाय गुळण्यांचा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा. घोट घ्या, मान मागे करा, खुळखुळ आवाज काढा आणि थुंकून टाका. गिळायचं नाही बरं का! दिवसातून तीन-चार वेळा करा. यानं बरं का वाटतं? काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की थोड्या वेळानं पाणी सुटतं ना? तसंच मिठाचं पाणी सुजलेल्या घशातलं जादा पाणी ओढून घेतं आणि ठणका कमी होतो.

दुसरा उपाय चमचाभर मधाचा. मध घशाला लेपासारखा बसतो, खोकल्याची ढास कमी होते. आलं, तुळस नि गवती चहाचा गूळ घातलेला काढा किंवा हळदीचं गरम दूधही छान. ज्येष्ठमधाचा लहानसा तुकडा चघळला तरी चालतो. आणि हो, पाणी भरपूर प्या, ओरडणं बंद!

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे उपाय घशाला आराम देतात, सगळे रोग बरे करत नाहीत. कधी कधी घसा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूंमुळे दुखतो. तिकडे दुर्लक्ष झालं तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. हा धोका ५ ते १५ वर्षांच्या मुलांना जास्त, म्हणजे तुम्हालाच! अशा वेळी मात्र प्रतिजैविकच लागतं. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी दहाही दिवस घ्यायच्या.

दुसरा शत्रू घटसर्प. यात घशात करडा पापुद्रा धरतो आणि श्वास कोंडतो. पूर्वी यानं असंख्य मुलं दगावत. एमिल फॉन बेरिंग या जर्मन शास्त्रज्ञानं त्यावर रक्तरसाचा उपचार शोधला. वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यालाच मिळालं! आज घटसर्पाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बाळपणीच्या डोसांनंतर पाचव्या-सहाव्या वर्षी, मग १० व्या आणि १६ व्या वर्षी ती पुन्हा घ्यावी लागते.

आता आई-बाबांसाठी थोडं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून विषबाधा होऊ शकते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलांना वाफ घ्यायला बसवू नका, भाजण्याची भीती असते. घशात बोट घालून पडजीभ दाबू नका. ताप दोन दिवसांवर राहिला, थुंकी गिळवेना, घशात पांढरे ठिपके दिसले, मानेला गाठी आल्या तर आरोग्य केंद्र गाठा. श्वासाला त्रास होत असेल किंवा करडा पापुद्रा दिसला, तर एक क्षणही थांबू नका.

काय मग, दोस्तांनो? आज घरी गेल्यावर आईला एकच प्रश्न विचारा, “माझी घटसर्पाची लस झालीय का गं?” लसीचं कार्ड काढून दोघं मिळून बघा. आणि उद्या हजेरीला कसा खणखणीत आवाज आला पाहिजे, “हजर!”