फोन फुकट, नंबर बंद

गेल्या आठवड्यात ऑफिसातला एक मुलगा पहिल्यांदाच परदेशी निघाला. मला विचारत होता, "सर, घरी बोलायला सगळ्यात स्वस्त काय पडेल?" मी म्हटलं, "बोलणं आता जवळजवळ फुकटच आहे रे. तू आधी हे सांग, घरच्यांना तुझ्याशी बोलायचं असेल तर ते काय करतील?" तो गप्प. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडेही याचं उत्तर नव्हतं.

आधी थोडा इतिहास. २००४ साली मी न्यू जर्सीत होतो. भारतीय किराणा दुकानात पाच डॉलरचं कॉलिंग कार्ड मिळायचं. नाण्याने खरवडायचं, एक लांबलचक नंबर फिरवायचा, मग पिन, मग ०११-९१ आणि शेवटी घरचा नंबर. एक आकडा चुकला की पुन्हा श्रीगणेशा! कार्डावर लिहिलेली मिनिटं आणि हाती पडणारी मिनिटं यांचा मेळ कधी बसला नाही. पण वेळ पक्की ठरलेली होती. हिवाळ्यात माझे शनिवार रात्रीचे साडेनऊ म्हणजे साताऱ्यात रविवार सकाळचे आठ. आई चहाचा कप घेऊन फोनशेजारी बसलेली असायची.

मग स्काइप आलं (२००३ साली सुरू झालं, २०२५ च्या मे महिन्यात बंदही पडलं), मग व्हॉट्सॲप. पैशांचा प्रश्न मिटला आणि त्याबरोबर ती ठरलेली वेळही गेली. कधीही बोलता येतं म्हटल्यावर 'करू निवांत' असं होतं!

दोन वर्षांपूर्वी कामासाठी पंधरा दिवस जर्मनीला गेलो. मोठ्या हुशारीने भारतीय सिम काढून पाकिटात ठेवलं आणि तिथलं डेटा सिम घातलं. रोमिंगचा एक रुपयाही खर्च नाही! व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू होतं, त्यामुळे मित्र, बायको, ऑफिस सगळे संपर्कात. फक्त आई नव्हती. तिच्याकडे बटणांचा फोन आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर माझा नंबर.

एके दिवशी पहाटे बाबा न्हाणीघरात घसरून पडले. आई मला फोन लावतेय आणि फोन बंद. शेवटी शेजारच्या मुलाने व्हॉट्सॲपवर निरोप टाकला. मी उठून तो वाचेपर्यंत बाबांच्या मनगटाला प्लास्टर घालून झालं होतं. नंतर आई म्हणाली, "अरे, तुझा फोन बंद लागल्यावर मला तुझीच काळजी लागली." ते वाक्य मला फार लागलं. मी पैसे वाचवले आणि त्याची किंमत तिने मोजली.

म्हणून माझं ठाम मत झालंय. संपर्क म्हणजे आपण घरी फोन करणं नव्हे, घरच्यांना आपल्याला गाठता येणं. आणि जे साधन घरातल्या सगळ्यात कमी तांत्रिक माणसाला जमत नाही, ते फुकट असलं तरी स्वस्त नाही.

उपाय साधे आहेत. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, त्याला पॅक लागतो का ते विचारा. फोनमध्ये दोन सिम चालत असतील तर भारतीय सिम चालू ठेवा, फक्त त्याचा डेटा बंद करा; डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम वापरा. मग आईने आपला नेहमीचा नंबर फिरवायचा. तिला तो साताऱ्याहून पुण्याला केलेल्या फोनइतकाच पडतो. उचलला तर रोमिंगचा भुर्दंड आपल्याला, न उचलता परत फोन केला तर सहसा तोही नाही. (व्हॉइसमेल मात्र आधी बंद करा.) म्हणजे आपला जुना, भरवशाचा मिस्ड कॉल! तिच्या साध्या फोनवर परत बोलायला इंटरनेटवरून पैसे भरून करायच्या कॉलचे थोडे पैसे भरून ठेवा. चीनला जात असाल तर दुसरी सोय बघाच, तिथे २०१७ पासून व्हॉट्सॲप अडवलेलं आहे. आणि शेजारच्या एकाचा नंबर स्वतःजवळ ठेवा.

त्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, माझी आजी गावाला लँडलाइनवर असते." म्हटलं, मग पहिला कागद तिच्या भिंतीवर लाव.

असो. रविवारचे आठ वाजत आलेत. मी आता पुण्यातच असतो, पण आई अजूनही चहा घेऊन फोनजवळ बसते :)